ऑफरोड टायर आणि मोठे अलॉय टाकायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा

मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा. एका टायरच्या दुकानात मी फसलो. यात नुसते माझे पैसे गेले असते तर मी गप्प बसलो असतो, पण त्या दिवशी गाडीत आई, बायको आणि दोन्ही पोरं होती, आणि गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाला दुसऱ्याच एका दुकानात अगदी तीच वाक्यं ऐकवली गेली म्हणून लिहायला बसलो.

माझ्याकडं २०१६ ची स्कॉर्पिओ एस १० आहे, फोर बाय फोर. गाव वेल्ह्याच्या पुढं, शेवटचे चार किलोमीटर कच्चा रस्ता. पावसाळ्यात त्या रस्त्यावर कंपनीच्या टायरचं काही चालत नाही, खाचा एकदा चिखलानं भरल्या की टायर गुळगुळीत होतं आणि मग फोर बाय फोर टाकलं तरी चारही चाकं जागेवरच फिरतात. दोनदा ट्रॅक्टर लावून गाडी काढली. म्हणजे शोसाठी नाही, खरंच गरज होती म्हणून ए.टी. टायर, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे खोल खाचांचे ऑल-टेरेन टायर, टाकायचं ठरवलं. कंपनीचा साईज २३५/६५ आर १७, मला टाकायचे होते २६५/६५ आर १७. चाकाचा व्यास साधारण ७३७ मिलिमीटरवरून ७७६ वर जातो, त्यातला निम्माच गाडीच्या पोटाखाली मिळतो, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर, पण खरा फायदा असतो तो खाचांचा आणि रुंदीचा.

मे २०२२, पुण्याबाहेर हायवेला एक दुकान. नाव लिहीत नाही. दुकान एकदम चकाचक, बाहेर तीन जीपगाड्या लिफ्ट करून उभ्या, मालक गोड बोलणारा. मी टायरसाठी गेलो होतो, त्यानं मला अलॉयसुद्धा घ्यायला लावले. "सर, एवढं रुंद टायर कंपनीच्या रिमवर शोभत नाही, आठ इंच रुंदीची रिम घ्या, चाक जरा बाहेर येईल, गाडी रस्त्याला चिकटून चालेल." मग टायरबद्दल म्हणाला, इम्पोर्टेड आहेत, सरकारनं इम्पोर्ट बंद केलंय, हे शेवटचे दोन सेट राहिलेत, आज नाही घेतले तर उद्या मिळणार नाहीत. आता यात अर्धं खरं होतं, तेच घात करून गेलं. जून २०२० पासून बाहेरचे नवीन टायर आणायला परवानगी लागायला लागली हे मी वाचलं होतं, त्यामुळं मला वाटलं माणूस खरं बोलतोय. माल मिळत नाही हे खरंच होतं, पण मग याच्याकडं जो माल आहे तो कधीचा, हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

हिशोब असा झाला: चार टायर आणि चार अलॉय मिळून ९८ हजार, माझे जुने अलॉय टायरसकट १४ हजाराला एक्स्चेंज, उरले ८४. तीस हजार ॲडव्हान्स यूपीआयनं, तेसुद्धा "भावाच्या नंबरवर टाका", आणि ५४ कॅश. बिल मागितलं तर म्हणाला बिल घेतलं तर २८ टक्के जीएसटी, कशाला उगाच सरकारला द्यायचे, मी आहे ना बसलेला. हातात दिला एक कागद, वर एस्टिमेट लिहिलेलं, ना जीएसटी नंबर, ना टायरचं नाव, ना साईज. (आता सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी १८ टक्के झालाय तरी चुलतभावाला तेच ऐकवलं, बिल कशाला.)

काम चालू असताना मला वर एसी ऑफिसात बसवलं, चहा, मग नाश्ता, मग त्याच्या लडाख ट्रिपचे व्हिडिओ. दीड तास. खाली आलो तर गाडी तयार, टायर काळेभोर चमकतायत, अक्षरशः ओले वाटत होते. पोरं खूश, मी खूश.

त्रास दुसऱ्या दिवसापासूनच चालू झाला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचं. परत गेलो तर पोरानं मला न विचारता हीट गननं आणि कटरनं ते आतलं प्लास्टिकचं लायनिंग कापून टाकलं. ८० च्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं, बॅलन्सिंग करून दिलं, चार दिवस बरं, परत तेच. फोन केला की एकच, "सर नवीन टायर आहे, बसायला वेळ लागतो." नवीन टायरला बसायला वेळ लागतो हे कुठंतरी ऐकलेलं असतं म्हणून आपण मान डोलावतो. पण थरथर अशी महिनाभर राहत नाही, ती राहिली की काहीतरी चुकलेलंच असतं.

जुलैत सगळ्यांना घेऊन गावाला निघालो. नसरापूर फाट्यावरून आत वळलो, मार्गासनीच्या अलीकडं डाव्या बाजूनं टक टक टक असा आवाज, आधी वाटलं खडा अडकलाय, स्पीड वाढला की आवाज वाढायचा, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायची. थांबलो, पाऊस चालू होता, पुढच्या डाव्या चाकाला हात लावला आणि चाक हातानं हललं. पाचातले तीन नट बोटांनी फिरत होते आणि एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो हबचा बोल्ट, तुटून गेलेला. पुढं उताराचं वळण होतं. त्याच्याबद्दल अजून काही लिहीत नाही.

जवळच्या वाडीतला पंक्चरवाला पोरगा स्कूटरवरून जॅक घेऊन आला. त्यानं चाक काढलं आणि नुसतं बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, हे आत कुणी टाकलंय?" हबवर एक ॲल्युमिनियमची चकती होती, साधारण बारा मिलिमीटर जाड. स्पेसर. मला कोणी सांगितलंच नव्हतं. का टाकला होता ते त्यानंच मला चाक परत टेकवून दाखवलं, चकती काढली की अलॉयचा दांडा सरळ ब्रेकच्या कॅलिपरला घासतो. म्हणजे अलॉय माझ्या गाडीचा नव्हताच, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) चुकीचा, तो बसवायला मध्ये चकती घातली, पण स्टड तेवढेच राहिले, म्हणून नटाला धरायला आटेच उरले नाहीत. त्यानं नट हातानं लावून मोजून दाखवला, चार फेऱ्यांत तो टेकला. स्टड जेवढा जाड तेवढी लांबी तरी नटाच्या आत जायला पाहिजे, इथं त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. वर अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं, मध्ये रिंग नाही, म्हणजे अख्ख्या चाकाचं सेंटर त्या पाच नटांच्या भरवशावर. महिनाभराची थरथर ती होती. भरलेली गाडी अडीच टनाच्या आसपास जाते हो.

आणि मग टायर. काढलेलं चाक रस्त्यावर आडवं पडलेलं, आतली बाजू वर. मोबाईलच्या टॉर्चमध्ये चिखल पुसला तर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा टायरवरचा कोड असतो त्याच्या शेवटी छोट्या चौकटीत चार आकडे, ०८१५. त्याचा अर्थ २०१५ सालचा आठवा आठवडा. मी २०२२ मध्ये नवीन म्हणून घेतलेलं टायर सात वर्षं जुनं. घरी आल्यावर बाकीची तीनही काढून बघितली, एकावर ३११६, आणि दोघांवर आकड्याच्या जागी रबर घासून गुळगुळीत केलेलं, बोट फिरवलं तरी कळतं. खाचांच्या मुळाशी केसासारख्या भेगा, वरचा पॉलिश पावसानं गेल्यावर दिसायला लागलेल्या. आयएसआयचा मार्क चारींपैकी एकावरही नाही, आपल्याकडं विकायच्या टायरवर तो असावाच लागतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती: तारखेचे ते चार आकडे बऱ्याच टायरच्या एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं पण तारीख नसते. त्यांनी चारही टायर तारीख आत करून बसवले होते. बाहेरून कितीही बघा, दिसणारच नाही. टायर रिमवर चढायच्या आधी जमिनीवर आडवं टाकून दोन्ही बाजू बघा, फोटो काढा, आणि काम चालू असताना ऑफिसात बसू नका, कितीही चहा पाजला तरी गाडीजवळ उभे राहा. टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षं झाल्यावर टायर दरवर्षी तपासून घ्यायचं आणि दहा झाल्यावर खाचा कितीही शिल्लक असल्या तरी काढून टाकायचं, मग सात वर्षांचा माल नव्याच्या भावात कोण घेईल?

स्टेपनीचं पण बघा. आमच्याकडं पाचवं चाक कंपनीचंच राहिलं होतं, ३९ मिलिमीटर लहान. त्या पोरानं तेच पुढं चार नटांवर लावून दिलं आणि बजावलं की फोर बाय फोर अजिबात टाकू नका. आमच्या गाडीत फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, चाकं लहानमोठी असली की डांबरी रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरबॉक्स) येतो. म्हणजे ज्या चार किलोमीटरसाठी एवढा खर्च केला तिथंच फोर बाय फोर वापरता येईना. गाडी गावाच्या फाट्यावर लावली, आईला आणि पोरांना गावातल्या एका पिकअपमधनं घरी नेलं.

अजून एक, मीटर. चाक मोठं झालं की मीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी खरी १०५ नं चाललेली असते. दुकानदार सांगत नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. "आरटीओ टायरला काही करत नाही" हे दुकानदाराचं वाक्य आहे, पण ॲक्सिडेंट झाल्यावर इन्शुरन्सच्या सर्व्हेअरसमोर तो उभा राहणार नाही, तुम्ही राहणार. तुमच्या मॉडेलला कंपनीनं जे साईज दिलेत त्याच्या जवळपास राहा आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारा.

दुकानात गेलो तर मालक आधी म्हणाला तुम्ही बाहेर चाक काढलंय, वॉरंटी गेली. मग म्हणाला हे टायर आमचे नाहीतच. कागदावर टायरचं नाव नाही, त्यामुळं मी काय दाखवणार? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण पहिला प्रश्न तोच, बिल आहे का. वकिलाकडनं नोटीस पाठवली, सोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट, टायरच्या आकड्यांचे फोटो, तुटलेल्या स्टडचा फोटो. तीन आठवड्यांनी त्याच "भावाच्या" नंबरवरून माझ्या खात्यात बरोबर तीस हजार आले. यूपीआयनं दिले होते तेवढेच. कॅशचं विचारलं तर, "कुठली कॅश सर?" माझे जुने अलॉय विकून टाकले म्हणाला.

नंतर कंपनीचे सेकंडहँड अलॉय शोधून पाच जमवले, पाचही आतून-बाहेरून बघून, आणि २५५/६५ आर १७ चे पाच ए.टी. टायर कंपनीच्या डीलरकडनं पक्क्या बिलावर घेतले. बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहायला लावला. डीलरचा पोरगा जरा वैतागला, पण मी पाचही टायर फरशीवर आडवे मांडले, एकेकाचे आकडे वाचले, फोटो काढले आणि मगच मशीनवर चढवू दिले. शंभर किलोमीटर झाल्यावर परत जाऊन सगळे नट टॉर्क पान्यानं आवळून घेतले. वाडीतला तो पंक्चरवाला पोरगा आता दर पावसाळ्याच्या आधी माझी चाकं काढून बघतो, पैसे घेत नाही म्हणतो, मी जबरदस्तीनं देतो.