पेको, काटो की ॲटलस? कोकणच्या हवेत टिकणारे मॉडेल रेल्वेचे रूळ आणि सांधे

एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराची, मॉडेल रेल्वे घरात कायमच्या फळीवर मांडायची असेल आणि घर मालवण, रत्नागिरी, दापोली अशा खाऱ्या वाऱ्याच्या गावात असेल, तर रूळ पेकोचे कोड १०० घ्यावेत आणि सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, शक्यतो युनिफ्रॉग प्रकारचे. ज्यांना खेळ मांडून पुन्हा उचलून ठेवायचा आहे त्यांनी काटोचे युनिट्रॅक घ्यावे. ॲटलस तिसरा. दिसण्यावर जाल तर कोड १०० जरा जाडजूडच वाटतो. हा क्रम लावला आहे तो वीज चाकापर्यंत पोचायला किती जोड ओलांडते यावरून, कारण कोकणात गाडी अडते ती बहुतेक वेळा जोडातच.

तिघांचेही आजचे रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत. नावात चांदी असली तरी हा तांबे, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. त्यावर काळपट थर धरतो, पण तांबडा गंज चढत नाही. जुना माल किंवा स्वस्तातला संच बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा. रूळ चिकटला की तो पोलादी, आणि किनाऱ्यावर पोलादी रुळाचं पावसाळ्यात काय होतं ते घराच्या खिडकीचे गज बघून कळतं. बाकमनच्या ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या पायाचे तुकडे पोलादी आणि करड्या पायाचे निकेल सिल्व्हरचे असतात. घ्यायचेच तर करडे घ्यावेत.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे साधारण २.१ आणि कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कोड ७५ देखणा आहे, यात वाद नाही. पण जुन्या गाड्यांच्या चाकांची खोल कड त्याच्या स्लीपरवर घासते. कोड १०० वर अशी चाकंही निमूट धावतात.

कोकण रेल्वेचं स्थानक उभं करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मान्य करावी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ प्रमाणात १९.३ मिमी. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिमीच्या मापाचा. पावणेतीन मिलिमीटरची ही तूट भरून काढायची तर रूळ आणि सांधे हाताने बनवावे लागतात, चाकंही बदलावी लागतात. त्यापेक्षा पेकोचा एसएल-१०२ हा काँक्रीट स्लीपरचा ९१४ मिमी लांबीचा वाकवता येणारा रूळ घ्यावा. चिपळूण किंवा कुडाळच्या फलाटावरून दिसतो तसा रंग त्याने लगेच साधतो. लाकडी स्लीपरचा तोच रूळ एसएल-१०० नावाने मिळतो, तो यार्डाच्या कडेच्या लाइनला शोभतो.

आता सांधे. पैसे वाचवायचे तर सिग्नलवर, झाडांवर वाचवावेत, इथे नाही. पेकोच्या सांध्याचं खरं बळ म्हणजे टाय-बारमधली (दोन हलत्या रुळांना बांधणाऱ्या पट्टीतली) स्प्रिंग. बोटाने ढकलला तरी खट्‌कन बसतो आणि बसलेला राहतो. फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, मात्र तीन प्रकारचे आहेत आणि पाकिटावरचा शब्द वाचल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलफ्रॉगमध्ये फ्रॉगचं टोक प्लॅस्टिकचं असतं, इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये सगळं धातूचं. एसएल-९५ हा उजवा मध्यम इन्सुलफ्रॉग आणि एसएल-ई९५ त्याचाच इलेक्ट्रोफ्रॉग, एवढ्या एका अक्षराने वायरिंग बदलतं. या दोन्हींत पुढच्या रुळाला वीज मिळते ती टंग रेल (हलता टोकदार रूळ) स्टॉक रेलला (बाजूच्या स्थिर रुळाला) टेकल्यावरच. टेकण्याची ती जागा मोहरीएवढी. आषाढ-श्रावणात तिच्यावर दमट हवेचा, धुळीचा थर बसतो आणि सांधा बरोबर बसलेला दिसत असूनही गाडी मधेच उभी राहते. मग माणूस इंजिन उघडून बसतो, आणि इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं.

युनिफ्रॉगमध्ये टंग रेलना शेजारच्या स्टॉक रेलमधून खालून तारेने वीज दिलेली असते. टेकण्यावर काही अवलंबून नाही. फ्रॉगचं छोटं टोक तेवढं मृत असतं आणि हवं तर जोडायला त्याची तार खाली सोडलेली असते. सहा धुऱ्यांच्या, सगळ्या चाकांतून वीज घेणाऱ्या डिझेल इंजिनाला ते मृत टोक जाणवतही नाही. चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन चालवायचं असेल तरच ती तार स्विचला जोडावी. म्हणून किनाऱ्यावर हाच सांधा पहिला.

इलेक्ट्रोफ्रॉगच मिळाला तर चिकटवण्याआधी उलटा करून दुरुस्त करावा. टंग रेल आणि फ्रॉग यांमधला जोड तोडायचा, प्रत्येक टंग रेल आपल्या बाजूच्या स्टॉक रेलला बारीक तारेने डाख देऊन जोडायची आणि फ्रॉगची तार वेगळ्या स्विचवर न्यायची. फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारे तुकडे) हवेतच. ते विसरले की सांधा फिरवताच शॉर्ट होतो. इन्सुलफ्रॉगला ही भानगड नाही, पण टोकाशी दोन रूळ इतके जवळ येतात की रुंद चाक दोघांना एकदम शिवतं आणि ठिणगी उडते. तिथे नेलपॉलिशचा पातळ हात पुरतो.

आकार कोणता घ्यावा? लहान सांध्याची त्रिज्या ६१० मिमी आणि लांबी १८५, मध्यम ९१४ आणि २१९, मोठा १५२४ आणि २५८. तिघांचा कोन १२ अंशच, त्यामुळे एकमेकांत बसतात आणि दोन लाइनींत साधारण ५१ मिमी अंतर राहतं. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा, डबा एचओत सुमारे २७० मिमी भरतो. लहान सांध्यावर तो दिसायला वाईट आणि ढकलताना कपलर (डबे जोडणारा आकडा) अडकण्याची भीती. मुख्य लाइनला मध्यम घ्यावा, वळण ६१० मिमीपेक्षा तंग नको. संगमेश्वरसारखं एकेरी मार्गावरचं क्रॉसिंग स्थानक करायचं तर इंजिन आणि पाच डबे मिळून १.६ मीटर, म्हणजे लूप (गाडी बाजूला उभी करायची लाइन) १.७ मीटर मोकळी. दोन्ही टोकांना सांधा आणि गाडी सुरक्षित उभी राहण्याचं अंतर धरलं की अडीच मीटर फळी लागते. आधी कागदावर नाही, जमिनीवर खडूने आखून बघावं.

काटोच्या युनिट्रॅकला रुळाखाली खडीचा पाया घट्ट बसवलेलाच येतो आणि तुकडे टकटक जोडले जातात. गणपतीच्या मखराभोवती पाच दिवस किंवा अनंत चतुर्दशीपर्यंत गाडी फिरवायची असेल तर याला तोड नाही. विसर्जनानंतर पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. मात्र सारवलेल्या जमिनीवर किंवा खडबडीत कोब्यावर नको, खाली सपाट फळी हवी. कायमच्या मांडणीला अडचण जोडांची. सरळ तुकडा २४६ मिमीचा, म्हणजे तीन मीटरला तेरा तुकडे लागतात, पेकोचे चारच. युनिजॉइनर वारंवार काढघाल केल्याने सैल पडतात, ते वेगळे मिळतात, चार-सहा जास्तीचे आणून ठेवावेत. मोटरवाल्या सांध्यात मोटर आतच असल्याने फळीला भोक पाडावं लागत नाही, हा मोठा फायदा.

ॲटलसचा कोड ८३ चांगला आहे, पण सांध्यात धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. मोटर किंवा हाताचा खटका लावल्याशिवाय टंग रेल डुलते.

सांधा फिरवणाऱ्या मोटरींत पेकोची पीएल-१० साधी आणि आमच्या मते इथे योग्य. वीज गेली तरी स्प्रिंग सांधा धरून ठेवते. बटण अडकलं तर तिची कॉइल जळते, म्हणून कपॅसिटरवर चालणारं डिस्चार्ज युनिट मधे घालावंच. फ्रॉगच्या स्विचसाठी उघड्या सरकत्या संपर्काची पीएल-१३ नको, बंद मायक्रोस्विचची पीएल-१५ घ्यावी. टॉर्टॉइज मोटर संथ आणि सुंदर फिरते, पण तिच्यासाठी पेकोची स्प्रिंग काढावी लागते. स्वस्त एसजी-९० सर्व्हो वीज परत येताच झटका मारतो, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते-येते ते सांगायला नको.

फळीसाठी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं मरीन प्लायवूड, आयएस ७१० छाप बघून. रूळ वर उचलले गेले की लोक धातूच्या प्रसरणाला दोष देतात. ९१४ मिमीचा रूळ १५ अंश तापमानफरकाने पाव मिमीही वाढत नाही. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड माघ-फाल्गुनात आकसतं, आणि तेव्हा रुळांना जागा उरत नाही. म्हणून पावसाळ्यात टाकत असाल तर प्रत्येक जोडात एक मिमी फट सोडा, एप्रिलमध्ये टाकत असाल तर व्हिजिटिंग कार्डाएवढी पुरे. जॉइनर वीज नेईल या भरवशावर राहू नये. प्रत्येक तुकड्याला खालून ०.५ चौरस मिमीची तार डाखावी आणि ती जाड मुख्य तारेला जोडावी. साधा पांढरा फेविकॉल ओलाव्यात मऊ पडतो, मरीन घ्यावा.

खडीसाठी समुद्राची वाळू अजिबात नको. एक तर मीठ, शिवाय रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूतले लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. जांभ्याची भुकटी जमीन दाखवायला फार छान, पण तीही चाळून, वरून लोहचुंबक फिरवून मगच. आणि टाय-बारखाली गोंदाचा थेंब जाऊ देऊ नका, सांधा कायमचा थिजतो.

पार्सल उघडल्यावर सांधा काचेवर ठेवून डुलतो का बघा. टंग रेलच्या टोकावरून नख फिरवा. अडलं तर बारीक कानशीचा एक हात द्या. त्यानंतर गाडीची चाकं मोजा: एका धुरीवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी नसेल, तर ती कोणत्याही कंपनीच्या सांध्यावर रुळावरून उतरणारच.