टाइल्सचा हप्ता आणि मिस्त्रीची रोकड

टाइल्सच्या दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं असतं: शून्य व्याज, सहा सोपे हप्ते. डोंबिवलीतल्या एका दुकानात त्या पाटीखाली उभं राहून मीही किमतीला सहाने भागून पाहिलं होतं आणि जमतंय असं वाटलं होतं. घरी येऊन दुकानाच्या कोटेशनशेजारी मिस्त्रीने दिलेला कागद ठेवला, तेव्हा कळलं की दुकानदार ज्याचे हप्ते पाडून देतोय, ते आमच्या एकूण खर्चाचं निम्मंही नाही.

आकडे आमच्या घराचे आहेत, यंदाचे. तुमच्याकडे फुटामागे दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील. वन बीएचके, फरशीची जागा 350 चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बाय दोनच्या टाइल्सच्या एका पेटीत चार नग येतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तुटफूट-कटिंगला दहा टक्के जादा आणि भिंतीलगतची स्कर्टिंगची पट्टी धरून 28 पेट्या लागल्या. 52 रुपये फुटाने त्याचे 22,600 झाले. आता मिस्त्रीचा कागद: मजुरी स्कर्टिंगसह 15,500. टाइल चिकटवायच्या अ‍ॅधेसिव्हच्या 9 गोण्यांचे 4,950. जॉइंट भरायचं ग्राउट आणि स्पेसर 1,200. टेम्पो आणि पेट्या वर चढवायची हमाली 1,800 (एक पेटी पंचवीस-तीस किलोची असते, त्यामुळे हमालांशी घासाघीस करायची मला हिंमत झाली नाही). नवीन फरशीने जमीन वर येते, म्हणून चार दरवाजे खालून तासायचे 1,200. एकूण 47,250. वरचे किरकोळ धरून 48,000.

यात जुनी फरशी फोडायची धरलेली नाही. ती फोडली असती तर तोडकाम, राडारोडा उचलणं आणि खालचा वाळू-सिमेंटचा थर मिळून मिस्त्रीने वेगळे 14,000 सांगितले होते. आमची जुनी मोझॅक भक्कम निघाली. मिस्त्री गुडघ्यावर बसून करणीच्या दांड्याने एकेक लादी वाजवत हॉलभर फिरला. तीन पोकळ वाजल्या, तेवढ्याच उचलून पक्क्या बसवायच्या आणि बाकीच्यांवर थेट नवीन टाइल चिकटवायची ठरलं. तुमच्याकडे निम्मी फरशी पोकळ वाजली तर मात्र फोडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढचे सगळे हिशेब तेवढ्याने वाढवून घ्या.

म्हणजे पैसे उभे करायचा कुठलाही मार्ग बघताना पहिला प्रश्न व्याजाचा नाही. त्या पैशातून मिस्त्रीला देता येतात का, हा आहे. मिस्त्री कार्ड घेत नाही. त्याला दर शनिवारी खर्ची लागते, कारण त्यालाही बिगाऱ्याला द्यायची असते. दुकानातल्या हप्त्यांवर टाइल्स घेतलेली माणसं दुसऱ्या आठवड्यात मजुरीसाठी मोबाइलवरच्या कुठल्यातरी अ‍ॅपकडून महागडं कर्ज उचलतात, हे मी आमच्याच इमारतीत पाहिलंय. दोन हप्ते, दोन तारखा, आणि पगार एकच.

आता दुकानातली ती शून्य व्याजाची योजना जरा उलटून बघू. मी दुकानदाराला विचारलं, "रोख दिले तर?" तो म्हणाला, "मॅडम, रोखीत तीन रुपये फुटामागे कमी करतो." म्हणजे रोखीची किंमत 21,300 आणि हप्त्यांची 22,600. वर प्रोसेसिंग फी 500, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 590. रोख घेतला असता तर 21,300 ला मिळणारा माल मी 590 आधी भरून, महिना 3,767 प्रमाणे सहा महिने फेडणार. या व्यवहाराचा वार्षिक दर काढला तर तीस टक्क्यांच्या वर जातो. रक्कम लहान आणि मुदत लहान, म्हणून ते टोचत नाही इतकंच. 2013 च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रकच काढून सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते. तरी दुकानातली पाटी तीच. सवलत कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जाते, ते तसंच राहिलं.

एक गोष्ट या योजनेच्या बाजूने मात्र आहे. दुकानदार रोखीलाही एक पैसा कमी करत नसेल आणि फी नसेल, तर तुमचे मजुरीचे पैसे हातात तयार असताना हे हप्ते खरोखर फुकट पडतात. तसं असेल तर बेलाशक घ्या. फक्त माल तपासून मगच सही करा. आमच्या दोन पेट्या वेगळ्या शेडच्या आल्या. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. आम्ही रोख घेतलं होतं म्हणून थोडे पैसे अडवून धरता आले. फायनान्स कंपनीचा हप्ता अशा वेळी थांबत नाही, कारण तिने दुकानदाराचे पैसे केव्हाच चुकते केलेले असतात.

क्रेडिट कार्डाचं थोडक्यात सांगते. स्वाइप करून नंतर हप्ते पाडता येतात, पण त्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी लागतो, आणि काही दुकानदार स्वाइपचे दीड-दोन टक्के वर मागतात. हप्ते न पाडता नुसतं किमान रक्कम भरत राहिलात तर महिना साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. फरशीसाठी त्या वाटेला जाऊ नका.

आता असे चार मार्ग, ज्यात रोकड हातात येते आणि दुकानदार-मिस्त्री दोघांनाही देता येते. चारही ठिकाणी 48,000 रुपये, 12 महिने, असा सारखा हिशेब मांडला. दर मला सांगितले गेलेले आहेत. घटत्या शिलकीवर म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज.

| मार्ग | सांगितलेला दर | महिन्याचा हप्ता | वर्षात जादा जाणारे |
|---|---|---|---|
| सोनेतारण, हप्त्याने फेड | 10% घटत्या शिलकीवर | 4,220 | 2,640 |
| पगारदार पतसंस्था | 11% घटत्या शिलकीवर | 4,242 | 2,908 |
| बँकेचं पर्सनल लोन | 16% घटत्या शिलकीवर | 4,355 | 4,261 व्याज आणि 1,133 फी |
| खासगी फायनान्स | 12% फ्लॅट | 4,480 | 5,760 |

शेवटच्या ओळीवर बोट ठेवा. 12 टक्के ऐकायला 16 पेक्षा स्वस्त वाटतात आणि प्रत्यक्षात तेच सगळ्यात महाग. फ्लॅट म्हणजे तुम्ही निम्मं कर्ज फेडलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच चालू. एका वर्षाच्या मुदतीला 12 टक्के फ्लॅट हे घटत्या शिलकीच्या साडेएकवीस टक्क्यांएवढं पडतं. एजंट फोनवर फ्लॅट हा शब्द गिळून टाकतो. यावर उपाय आहे: 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना सामान्य ग्राहकाच्या (रिटेल) प्रत्येक मुदत कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, तोही आपल्याला कळेल अशा भाषेत. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे फी वगैरे सगळं धरून कर्जाचा वर्षाचा खरा दर. दोन कर्जांचे हे दोन आकडे शेजारी ठेवा, बाकीचं बोलणं ऐकलं नाही तरी चालेल. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, तिथे असा कागद मिळेल असं धरू नका. घटत्या शिलकीवर की फ्लॅट, हे तोंडी विचारून पासबुकात बघून घ्या.

सोनं कागदावर सगळ्यात स्वस्त आहे. पण तारण ठेवताना दागिन्याची घडणावळ आणि खडे धरत नाहीत, फक्त निव्वळ सोनं. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिना परत दिला नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई. नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत. अडचण आपल्या सवयीत आहे. सोनेतारण बहुतेकजण दरमहा फेडत नाहीत, वर्षाअखेर एकदम भरू म्हणतात. मग 10 टक्क्यांचे पूर्ण 4,800 जातात, आणि अकराव्या महिन्यात 52,800 एकरकमी कुठून आणायचे म्हणून कर्जाचं नूतनीकरण होतं. फरशी जुनी होते आणि पाटल्या अजून तिथेच. हप्त्याची सोय असलेलं सोनेतारण मिळत असेल तरच हा मार्ग वरच्या तक्त्यातला समजा.

मी शाळेच्या कार्यालयात आहे, त्यामुळे पतसंस्था मला सोपी पडली. तिथे दोन जामीनदार लागतात, तेही सभासदच. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारावं लागतं आणि उद्या त्याचा अर्ज आला की आपल्याला सही करावी लागते. कर्जातून थोडी रक्कम शेअर्सपोटी कापून घेतात, तेव्हा हातात येणारा आकडा आधी विचारून ठेवा. नाहीतर ऐनवेळी दोन हजार कमी पडतात. हप्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे थेट पगारातून कापला जातो. काहींना ते जाचतं. मला उलट बरं वाटलं. खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला, मग कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा आणि आपल्या बँकेचा वेगळा, ही भानगडच उरत नाही.

ज्यांच्याकडे ना पगारपत्रक ना सोनं, त्यांच्यासाठी भिशी हा मार्ग मी पर्सनल लोनच्या वर ठेवीन. बारा जणी, महिना 4,000, नंबर लवकर लागला तर 48,000 बिनव्याजी कर्ज, उशिरा लागला तर ती बचत. इथे शून्य व्याज खरंच शून्य असतं, बोली लावून नंबर घ्यायची लिलावाची भिशी नसेल तर. पण हे सगळं चालतं ते चालवणाऱ्या बाईच्या शब्दावर. नव्या ओळखीच्या भिशीत शिरून त्या भरवशावर मिस्त्रीला तारीख देऊ नका.

घरकर्जाचा टॉप-अप, म्हणजे चालू घरकर्जावर वाढीव कर्ज, एवढ्या रकमेसाठी काढू नये, कागदपत्रांचा खर्चच अंगावर येतो. पीएफमधून घरदुरुस्तीला पैसे काढता येतात आणि ते परत भरायचे नसतात, म्हणजे म्हातारपणाची शिल्लक तेवढी कायमची कमी होते, म्हणूनच मी त्याला हात लावला नाही.

कर्ज न काढता खोली-खोलीने करू, हा विचार आमच्याकडे सासूबाईंचा होता आणि तो ऐकायला शहाणपणाचा आहे. त्यात अडतं ते टाइल्सच्या पेटीवर. पेटीवर शेड आणि बॅच छापलेली असते. सहा महिन्यांनी तीच डिझाइन मागितली तर मोरबीहून आलेला नवा माल अर्ध्या छटेने फिका-गडद निघतो, आणि उंबऱ्यात ते रोज दिसतं. करायचंच असेल तर सगळा माल एकदम घेऊन पलंगाखाली रचा, किंवा प्रत्येक खोलीची टाइल मुद्दामच वेगळी घ्या आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी टाका. शिवाय एका खोलीच्या कामाला मिस्त्री त्याच भावाने येत नाही.

आणि जुनी मोझॅक फक्त डागाळलेली, खडबडीत झालेली असेल, तर हे सगळं वाचायचीही गरज नाही. मशीनने घासून पॉलिश करून घ्या. आमच्या खालच्या मजल्यावर 25 रुपये फुटाने झालं. आमच्याएवढ्या घराला 8,750. दोन दिवस घरभर पांढरी रबडी असते. ती मोरीत सोडू देऊ नका, पाइपात बसून दगड होते. बादलीने उचलायला लावा.

आम्ही 18,000 साठवलेले घातले आणि 30,000 पतसंस्थेतून घेतले. महिना 2,651, वर्षाचं व्याज 1,817. आणि एक बिनव्याजी हप्ता मिस्त्रीकडूनच मिळाला, तो कुठल्या पाटीवर नसतो. कामाआधीच ठरवलं होतं: मजुरीतले 3,000 काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. तो म्हणाला, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "मिस्त्री, विश्वास आहे, पण पगार एक तारखेला आहे." दोन्ही खरं होतं. बाराव्या दिवशी पलंग सरकवून झाडताना एक टाइल ढब वाजली. फोन केल्यावर तो रविवारी आला, टाइल काढली, खाली अ‍ॅधेसिव्ह कोपऱ्यात लागलंच नव्हतं. उरलेल्या चार टाइल्सपैकी एक बसवली, चहा घेतला आणि 3,000 मोजून घेऊन गेला.