कंपालात दीड वर्ष सेफबोडा वापरतेय, माझा अनुभव

युगांडाच्या राजधानीत, म्हणजे कंपालात नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, बोडावर बसायचं की नाही? म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. बोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, केनिया-युगांडाच्या सीमेवर पूर्वी सायकलवाले लोकांना इकडून तिकडे सोडायचे, 'बॉर्डर टू बॉर्डर'चं ओढून ओढून बोडा बोडा झालं. गाड्या बघाल तर जिकडेतिकडे आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर, पहिल्या दिवशी बघून फार बरं वाटलेलं.

सुरुवातीला मी नाक्यावरच्या स्टेजवरून, म्हणजे बोडांच्या स्टँडवरून, मिळेल तो बोडा घ्यायचे. भाव करायचा, बसायचं आणि मागच्या लोखंडी कॅरिअरला घट्ट धरून ठेवायचं. हेल्मेट चालवणाऱ्यालाच असलं तर असलं, मागच्याला कुठून? एकदा जिंजा रोडला ट्रक आणि टॅक्सी व्हॅनच्या मधून त्याने गाडी अशी घातली की माझा गुडघा व्हॅनच्या पत्र्याला घासला, तरी मी गप्प बसले. त्याच महिन्यात ऑफिसमधल्या एका मुलीचा अशाच बोडावरून पडून पाय मोडला, चार महिने घरी होती बिचारी. तेव्हा ठरवलं की बास.

सेफबोडा हे बोडा बोलवायचं अॅप 2014 च्या सुमारास इथेच कंपालात सुरू झालं, आणि सुरू करणाऱ्यांपैकी रिकी रापा थॉमसन स्वतः आधी बोडा चालवायचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चालवणाऱ्यांना रस्त्याचे नियम आणि प्रथमोपचार दोन्हीचं ट्रेनिंग असतं, भाडं आधीच दिसतं त्यामुळे घासाघीस नाही. आणि खरी गोष्ट म्हणजे ते केशरी हेल्मेट, एक त्याचं आणि एक तुमचं. मागावं लागत नाही. गाडी थांबली की आधी हेल्मेट हातात येतं, मी पुण्याच्या सवयीने स्कार्फ बांधलेलाच असतो, त्यावर ते चढवते, हनुवटीखाली पट्टा टक् करून लागतो, मगच तो किक मारतो. एकदा माझा पट्टा लागत नव्हता तर पोराने हँडल सोडून, मागे वळून, स्वतः लावून दिला आणि मग निघाला. इतकी साधी गोष्ट, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्या डोक्याची कुणाला तरी काळजी आहे!

हेल्मेटने दुचाकीवाल्यांच्या मृत्यूचा धोका साधारण 42 टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा 69 टक्के कमी होतो, हे जगभरातले अभ्यास एकत्र करून निघालंय. आणि गरज किती बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे त्यांच्या आफ्रिका विभागात जगातली फक्त 3 टक्के वाहनं आहेत आणि रस्त्यावरचे मृत्यू मात्र 19 टक्के, 2021 या एका वर्षात सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. यात पायी चालणारे खूप, कारण फुटपाथच नाहीत, शाळेची पोरं गाड्यांच्या कडेकडेने जातात, बघून पोटात गोळा येतो.

त्यामुळे अॅप चांगलं असलं तरी सगळं त्याच्यावर टाकून चालणार नाही. शहरातले बरेचसे बोडा कुठल्याच अॅपवर नाहीत, रस्ता दुरुस्त करणं, स्पीड आवरणं, हेल्मेटची सक्ती खरोखर राबवणं हे सरकारनेच करायला हवं. केनियात 2004 मध्ये मंत्री जॉन मिचुकींनी मटाटूंना, म्हणजे तिथल्या प्रवासी मिनीबसना, सीटबेल्ट आणि वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर सक्तीचा केला, तेव्हा मालकांनी संप केला तरी ते मागे हटले नाहीत. पुढे तिथेच मटाटूंच्या आत 'झुशा' म्हणजे 'बोला, हरकत घ्या' असे स्टिकर लावून बघितले, आणि स्टिकरवाल्या गाड्यांचे अपघाताचे विमा दावे चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी झाले. नुसत्या कागदाच्या चिकटपट्टीने! प्रवासी बोलायला लागला की चालवणारा ऐकतो. मी पण आता बोलते, 'सेबो, म्पोला म्पोला', म्हणजे दादा हळू हळू, आणि आजवर एकही जण चिडलेला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी की हेल्मेट डोकं वाचवतं, पाय नाही, त्यामुळे पाऊस असेल किंवा रात्री उशीर झाला असेल तर मी बोडा घेत नाही, सरळ कार बोलावते. येणार असाल तर स्कार्फ सोबत आणा, आणि पट्टा लागल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.