अमेरिकेच्या घटनेला विरोध करणाऱ्यांवरचा रविवारचा वर्ग, धरमपेठ: नक्की जा

पाचपैकी साडेचार स्टार. नागपूरच्या धरमपेठेत एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी असतो, एमपीएससी-यूपीएससीची पोरं जास्त, पण नोकरीवाले पण येतात.

बाकी क्लासमध्ये अमेरिकेची घटना म्हणजे 1787, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, मॅडिसन, झालं, पुढचा टॉपिक. इथे सर सुरुवातच त्या तिघांपासून करतात जे फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्या सभेत शेवटपर्यंत बसले अन् 17 सप्टेंबरला सही करायला नाही म्हणाले: जॉर्ज मेसन, एल्ब्रिज गेरी, एडमंड रँडॉल्फ. मेसनचा पहिलाच आक्षेप हा की यात लोकांच्या हक्कांची यादीच नाही. आपल्या घटनेत मूलभूत हक्क पहिल्या दिवसापासून आहेत म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, पण तिथे ते 1791 मध्ये दुरुस्त्या करून टाकावे लागले अन् ते टाकले गेले ते या हरलेल्या लोकांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. हे मला फार महत्त्वाचं वाटते अन् कोणी नीट शिकवतच नाही.

सगळ्यात भारी भाग म्हणजे 'ब्रूटस' या टोपणनावाने न्यूयॉर्कच्या पेपरात घटनेविरुद्ध आलेले लेख. सर एक एक परिच्छेद मोठ्याने वाचतात, मग मराठीत सांगतात. त्याचं म्हणणं असं की देश एवढा मोठा झाला की प्रतिनिधी लोकांपासून लांब जातो, त्याला इकडची गरज कळत नाही, लोकांचाही त्याच्यावर विश्वास राहत नाही. हे ऐकल्यावर नागपुरात काय होणार, मागून कोणीतरी मुंबई म्हटलं, मग नागपूर करार, 1953, वेगळा विदर्भ, सगळं सुरू. सरांनी कोणाला गप्प केलं नाही, फक्त म्हणाले की तुझा मुद्दा ब्रूटसच्या कोणत्या ओळीत बसते ते दाखव. अर्धा तास पोरं झेरॉक्सवर बोट ठेवून भांडून राहिले होते, असा क्लास मी तरी पाहिला नाही.

मग घटना मंजूर करायची की नाही यावर एकेका राज्यात पडलेली मतं फळ्यावर. व्हर्जिनिया 89-79, पॅट्रिक हेन्रीसारखा वक्ता विरोधात असूनही. न्यूयॉर्क 30-27, सरांनी 30 मधले दोन पुसून 27 मध्ये टाकले अन् निकाल उलटा झाला, तेव्हा कळलं की किती थोडक्यात हुकलं.

अर्धा स्टार कापला कारण झेरॉक्स फार फिकट आहे, मागच्या रांगेत आवाज येत नाही, अन् मर्सी ओटिस वॉरेन या बाईंनी घटनेविरुद्ध अख्खी पुस्तिका लिहिली, त्यांना दोनच मिनिटं मिळाली. गाडी लावायची पण बोंब आहे, जरा लवकर निघा.

अन् सर, वाचत असाल तर पुढच्या बॅचला ऱ्होड आयलंडला एक पूर्ण रविवार द्या. ज्या राज्याने फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नाही अन् वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, मे 1790 मध्ये 34-32 ने कसंबसं हो म्हटलं, ते शेवटच्या दहा मिनिटांत उरकायचं राज्य नाही.