बेळगावच्या टिळकवाडीतलं अर्ध्या दिवसाचं पाळणाघर, आजीच्या बाजूनं

पाळणाघराबद्दल आईबापच लिहितात. पोरगं रडतं का, खातं का, एवढंच. मी आजी म्हणून लिहिते, कारण इथला जास्त फायदा मला झालाय.

दुसऱ्या रेल्वे गेटाकडून आत गेलं की पेरूचं झाड असलेलं बैठं घर. वेळ सकाळी साडेनऊ ते एक. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे अडीच वर्षांचा नातू दिवेलागणीपर्यंत माझ्याकडं. जीव की प्राण आहे, पण माझे गुडघे 67 वर्षांचे आहेत. त्यात बेळगावचा पाऊस! जुलैत दिवसच्या दिवस उघडीप नाही, पोराला अंगणात सोडता येत नाही. दुपारपर्यंत माझा आवाज चढायचा, रात्री झोप यायची नाही. सुनेला सांगायचं कसं? आजीला नातवाचा कंटाळा आला असंच वाटणार.

आता सकाळ माझी. शहापूरला बहिणीकडं जाते, नाहीतर नुसती पडून राहते. एकला तो आला की त्याच्यामागं धावायला अंगात बळ असतं. मेलबर्नच्या संशोधकांनी 2014 साली 186 बायकांच्या चाचण्या घेतल्या होत्या. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या तीनपैकी दोन चाचण्यांत सगळ्यांत पुढं, पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत बऱ्याच मागं. कशामुळं ते त्यातून ठरत नाही, पण मी ते सुनेला मुद्दाम पाठवलं.

पाळणाघराच्या बाई कन्नड, मराठी मात्र झकास बोलतात. आमचं पोरगं आता जेवणाला ‘ऊटा’ म्हणून ओरडतं. डबा घरचाच, बिस्किटं चालत नाहीत. हे मला पटलं. स्वच्छतेला नाव ठेवायला जागा नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो शनिवारच्या सुट्टीसाठी, आणि पायऱ्यांना कठडा नाही म्हणून. पोरांना नव्हे ओ, पोराला कडेवर घेऊन उतरणाऱ्या आज्यांना लागतो. सांगून झालंय, ‘करूया की’ म्हणतात.

फी आमच्या ह्यांना जास्त वाटते. हे सकाळी फिरायला जातात ते साडेदहाला उगवतात, त्यांना काय वाटायचंय!

जूनमध्ये जागा मिळत नाही. एप्रिलातच जाऊन भेटा आणि पोराला सोबत न्या. बाई आधी त्याच्याशी बोलतात, मग आपल्याशी.