आईच्या गुडघ्यांसाठी पेडण्यात सात दिवस, घरच्या वयस्कर माणसांना नेणार असाल तर वाचा

जुलैमध्ये आई आणि मावशी कोल्हापूरहून आमच्याकडे गोव्यात म्हापशाला आल्या तेव्हा दोघींना घेऊन पेडणे तालुक्यात मांद्रेच्या बाजूला एका आयुर्वेद रिसॉर्टमध्ये सात दिवस राहिले. आई 73 ची, दोन्ही गुडघे झिजलेले, मावशी 77 ची, बीपी आणि शुगर दोन्ही. नाव टाकत नाहीये कारण एक मोठी तक्रार आहे, पण आईवडिलांना अशा ठिकाणी न्यायचा विचार बरेच जण करतात म्हणून सविस्तर लिहितेय.

पावसाळाच का, तर आयुर्वेदात हा वाताचा ऋतू, सांधे याच दिवसांत जास्त धरतात, आणि मे संपला की किनाऱ्यावरचे शॅक उठतात, गर्दी नसते, रेटही उतरलेले असतात. आम्हाला राहणं, जेवण, उपचार सगळं धरून माणशी दिवसाला 5,500 पडले. समुद्र मात्र लांबूनच बघायचा, खवळलेला असतो.

सगळ्यात आवडलं काय तर तिथल्या वैद्यबाई. पहिल्या दिवशी पाऊण तास बसल्या आमच्यासोबत, मावशीची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि एकेक पाकीट उलटसुलट करून नाव वाचलं, मग काउंटरवर आम्हाला जे पंचकर्माचं पॅकेज दिलं होतं त्यातलं मावशीचं विरेचन आणि वाफेची पेटी दोन्ही सरळ पेनने खोडून टाकलं. म्हणाल्या, शुगरच्या गोळ्या चालू असताना या वयात जुलाबाचं औषध नको आणि बीपीला वाफ नको, नुसतं हलकं अभ्यंग करू. पैसे पण तेवढे कमी करायला लावले. असं कोण करतं हो, मला तर तिथेच धीर आला.

आईला जानुबस्ती दिली. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून गुडघ्याभोवती कडं करतात, आणि त्यात कोमट तेल ओततात. ती केरळची मुलगी दर वेळी तेलाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, मग आईच्या गुडघ्यावर, निवलं की कापसाने टिपून घेऊन परत गरम ओतायची, असं अर्धा तास, घाई अजिबात नाही. आई तिसऱ्या दिवशी चक्क झोपली त्यात. शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, झाल्यावर टाळूला रास्नादि चूर्ण चोळून डोकं गुंडाळून ठेवायचे, पावसात सर्दी होऊ नये म्हणून.

आता तक्रार. उपचाराच्या खोलीला लागून जे बाथरूम आहे त्याला चार बोटं उंच उंबरा, फरशी गुळगुळीत टाइल्सची आणि धरायला भिंतीला एकही बार नाही!! तेलाने माखलेलं म्हातारं माणूस, पाय तेलकट, चष्मा काढलेला, आणि तिथून चालत आंघोळीला जायचं. दुसऱ्या दिवशी मावशीचा पाय सरकला, नशीब ती मुलगी मागे होती, तिने काखेत हात घालून धरलं. मावशी नंतर तासभर काही बोलली नाही, मला रडू आलं. मॅनेजरना सांगितल्यावर संध्याकाळी रबरी मॅट आणली, प्लास्टिकची खुर्ची ठेवली, पण बार काही शेवटपर्यंत बसवला नाही. शिवाय आम्हाला आधी पहिल्या मजल्यावरची खोली दिली होती, लिफ्ट नाही, भांडून खाली घेतली. सांधेदुखीच्या माणसांसाठी म्हणून जाहिरात करता तर या गोष्टी तेलाच्या आधी बघायला हव्यात, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

जेवण साधं आणि अप्रतिम, सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी उकडा भात आणि खतखतं (गोव्याकडची मिश्र भाजी), आणि रात्री पेज. स्वयंपाकघरातल्या बाई तिथल्याच, "बरें जेवात मावशी" म्हणत शेजारी उभ्या राहायच्या, त्यामुळे मावशी पहिल्यांदा दोन वेळा पोटभर जेवली.

फरक पडला का? झिजलेला गुडघा काही तेलाने भरून येत नाही, हे वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सकाळी उठल्यावर आईचे पाय जे लाकडासारखे व्हायचे ते बरंच कमी झालंय, आता महिना झाला, झोपही लागते. मावशीची गोळी एकही बंद केली नाही.

जाणार असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, बाथरूममध्ये बार आहे का, वैद्य रोज असतात की आठवड्यातून एकदा. आणि नुसतं दाखवायचंच असेल तर पेडण्यातच धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचं सरकारी हॉस्पिटल आहे, 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झालं, आधी तिथे दाखवून मग रिसॉर्टचं ठरवलं तरी चालेल. मुंबईकडून ट्रेनने येणाऱ्यांनी थिवीला उतरावं, मडगावपर्यंत जाऊ नये, म्हाताऱ्या माणसांचा तेवढा प्रवास वाचतो.

बार बसवला की फोटो पाठवा असं मॅनेजरना सांगून ठेवलंय. फोटो आला की पुढच्या पावसाळ्याचं बुकिंग करणार, आई आत्तापासूनच विचारतेय.