स्वतःचा दवाखाना की रुग्णालयातली नोकरी?
दवाखाना आपला म्हणजे वेळही आपली, असं वाटतं. प्रत्यक्षात ती रुग्णांची असते. सुट्टी घेतली की कमाई बंद; भाडं आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र चालूच. घरच्या समारंभातही फोन वाजतो. तरी एका रुग्णाला किती वेळ द्यायचा हे डॉक्टरच ठरवतो, आणि माझ्या मते खरी चैन तीच.

नोकरीत पगार, रजा ठरलेली. ड्युटी संपली की रुग्ण पुढच्या डॉक्टरच्या हवाली. पण रात्रपाळ्या, संगणकावरच्या न संपणाऱ्या नोंदी आणि वरून आलेली उद्दिष्टं माणसाला पिळून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ हा आजार नसून कामाच्या ताणातून येणारी अवस्था असल्याचं सांगितलं, ते उगाच नाही. मुलं लहान असतील तर तरीही नोकरीच बरी. दवाखाना नंतरही काढता येतो.